न तोडलेला सांधा

भाच्याला घातलं त्या वेल्डिंगच्या वर्गातली एक रीत मला पहिल्याच दिवशी खटकली होती. दिवसाचं काम संपलं की प्रत्येक मुलाने आपण जोडलेला तुकडा मास्तरांसमोर आणायचा. तुकडा म्हणजे एका लोखंडी पट्टीवर दुसरी उभी करून सांधलेली. मास्तर तो टेबलाला बसवलेल्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळायचे, मोठा हातोडा उचलायचे आणि उभ्या पट्टीवर घाव घालायचे. सांधा कच्चा असला की पट्टी कडकन तुटून फरशीवर पडायची आणि बाकीची मुलं खिदळायची. पक्का असला की पट्टी वाकून आडवी व्हायची, पण सुटायची नाही. मग मास्तर फक्त "हं" म्हणायचे. तुटलेला असो की न तुटलेला, तुकडा शेवटी भंगाराच्या पिंपात जायचा. घरी नेऊन दाखवायला कुणाच्या हातात काही उरायचं नाही.

मी मास्तरांना तोंडावर विचारलं, "दिवसभर पोरानं जीव ओतून केलेलं काम तुम्ही त्याच्याच डोळ्यांदेखत मोडता. अशानं त्याला शिकावंसं वाटेल का?"

"ताई, उद्या त्यानं जोडलेल्या शिडीवर कुणीतरी चढणार आहे," मास्तर म्हणाले. "शिडी तुटण्यापेक्षा इथं तुकडा तुटलेला बरा."

उत्तर बिनतोड होतं, त्यामुळे मला आणखीच राग आला. पण पोराला घालायला दुसरी जागा नव्हती. शाळेने त्याच्यापुढे हात टेकले होते आणि घरी त्याचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, त्याला 'ठोंब्या' या नावानेच हाक मारायचा. खरं नाव बहुतेक शाळेच्या हजेरीतच उरलं होतं. आई लहानपणीच गेलेली. मी लाँड्रीत इस्त्री करते आणि याच घरात राहते, तेव्हा त्याला आई म्हणून जे काही मिळालं ते माझ्याकडून. ते पुरेसं होतं असं मी म्हणत नाही.

भाऊ गवंडी. हातात कसब होतं आणि त्याचा माज त्याहून जास्त होता. आमचं घर त्यानेच बांधलं, वरची खोली आणि तिच्यासमोरचा सज्जासुद्धा. आल्यागेल्याला तो भिंतीवर थाप मारून दाखवायचा आणि म्हणायचा, "ही भिंत माझ्या नातवंडांनाही पुरून उरेल." मग कोपऱ्यात बसलेल्या पोराकडे बोट करायचा. "आणि हे आमचं दुसरं बांधकाम. पायाच भरला नाही!" पाहुणे हसायचे. पोरगंही हसायचं. पोरीला कुणी असं बोललं तर निदान एखादी बाई मध्ये पडते. पोराच्या बाबतीत सगळ्यांना वाटतं की त्याची कातडी जाड असते. सोळा-सतरा वर्षांचं पोर, मिसरूड फुटायला लागलेलं. त्याला जवळ घ्यायचं तरी कसं, मलाही कळेनासं झालं होतं.

वर्गात त्याचा तुकडा रोज तुटायचा. पहिले काही महिने तरी असेच गेले. कुणी मागे उभं राहिलं की त्याचा हात कापायचा. आयुष्यभर पाठीमागून टपलीच खाल्लेली, दुसरं काय होणार? हात कापला की सांधा वेडावाकडा व्हायचा, मध्ये पोकळ राहायचा आणि हातोड्याच्या पहिल्याच घावाला उडायचा. घरी आलं की बाप दारातच विचारायचा, "काय, आज किती लोखंड वाया घालवलं?" पोरगं हातपाय धुऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं. जेवण अर्धं टाकायचं. एकदा मला म्हणालं, "आत्या, मी नाही जात उद्यापासून. बाबा म्हणतात ते खरंय. माझ्या डोक्यात नाही बसत काही."

"बाबांच्या डोक्यात काय बसलंय ते मला विचार," मी म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी त्याला जवळजवळ ढकलतच घराबाहेर काढावं लागलं.

त्याच दिवशी तो तुकडा घरी आला.

मी इस्त्री लावून बसले होते. पोरगं दारात उभं राहिलं आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यासमोर धरलं. मी सोडून बघितलं तर दोन पट्ट्या, काटकोनात जोडलेल्या. सांध्यावर बारीक बारीक लाटा, एकीमागे एक, विणलेल्या वेणीसारख्या.

"मास्तरांनी ठोकला नाही," तो म्हणाला. "व्हाइसमध्ये लावला, हातोडा उचलला आणि खाली ठेवला. म्हणाले, हा राहू दे. घरी ने, आत्याला दाखव."

"तुझा एकट्याचा?"

"माझा एकट्याचा."

तो तुकडा आरशाच्या फळीवर गेला, कंगव्याच्या शेजारी. दिवाळं निघालेल्या घरात अचानक चांदीचं भांडं सापडावं तशी मी त्याच्याकडे बघत राहायचे. पण खरा फरक पडला तो पोरात. त्याची मान वर आली. वर्गात मिळालेलं पुस्तक पहिल्या दिवसापासून पिशवीतच पडून होतं, ते बाहेर आलं. ओठ हलवत वाचायचा, अडलं की मला विचारायचा. मला कुठे येतंय, मग आम्ही दोघं मिळून त्या शब्दावर डोकं आपटायचो. कोन, जाडी, रॉड किती तिरका धरायचा, सगळं पेन्सिलीने पुठ्ठ्यावर काढायचा. मास्तर म्हणायचे त्याचे तुकडे आता क्वचितच तुटतात. ज्या पोराला सगळे मठ्ठ म्हणत होते ते पोर स्वतःहून शिकायला लागलं होतं. त्यासाठी कुणी एकदा हातोडा खाली ठेवायची तेवढी गरज होती, असं मला तेव्हा वाटलं.

मग त्याने सज्जाचा विषय काढला.

सज्जाच्या दोन बाजूंना भावाने भिंती उभ्या केल्या होत्या. पुढची बाजू मात्र कित्येक वर्षं उघडीच होती. तिथे आम्ही एक दोरी बांधलेली. पोरगं म्हणालं, "बाबा, मी कठडा करतो तिथं. वर्गातल्या भंगारातून. मास्तर हो म्हणालेत."

भावाने त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "कर. पण माझ्या भिंतीला हात लावायचा नाही. भोकं मी पाडणार, भरणार मी. तुझं काम लोखंडापुरतं."

कठडा झाला. पोराने तो मित्राच्या हातगाडीवरून आणला तेव्हा सगळी गल्ली बघायला जमली. उभे गज एका रेषेत, वरची पट्टी हाताला गुळगुळीत, आणि दोन्ही टोकांना भिंतीत शिरायला लोखंडी पाय. भावाने दोन्ही बाजूंच्या भिंतींत भोकं पाडली, पाय आत बसवले, सिमेंट भरून थापीने सफाईदार पुसून घेतलं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन तो कठड्याला रेलून उभा राहायला लागला. एकदा समोरच्या घरातल्याने विचारलं, "कठडा कुठून आणलात?" भाऊ म्हणाला, "आणलाय कुठून! आमच्या पोरानं केलाय."

पोरगं तेव्हा जिन्याच्या खालच्या पायरीवर होतं. बापाला ते दिसत नव्हतं. हललं तर ते वाक्य सांडेल की काय अशा धास्तीने तिथेच उभं राहिलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं बघत होते. इतकं सुखी मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

कठडा पडला तो सुट्टीच्या दिवशी, भर सकाळी. भाऊ पेपरवाल्याला हाक मारायला वाकला होता. मला आधी लोखंडाचा आवाज आला आणि मग दुसरा, तो मी सांगू शकत नाही. पोरगं माझ्याआधी बाहेर धावलं. बाप अंगणात उताणा पडलेला, शेजारी कठडा आडवा. भाऊ शुद्धीवर होता. सारखा म्हणत होता, "माझे पाय कुठायत?"

पाय जागेवरच होते, पण कंबरेच्या खाली पुन्हा काही हललं नाही. दवाखान्यातून घरी आणला तो खाटेवरच. भेटायला येणाऱ्यांनी कारणही सोबतच आणलं. "शिकाऊ पोराचं काम, सुटलं असणार वेल्डिंग." "भंगारातलं लोखंड!" "एवढा भरवसा टाकायचाच नाही." भाऊ छताकडे बघत पडून राहायचा, हो म्हणायचा नाही की नाही म्हणायचा नाही. पोरगं दाराशी उभं राहून सगळं ऐकायचं. मी चिडून दोन-तीन जणांना घराबाहेर काढलं, पण खरं सांगते, मनातून मलाही तेच वाटत होतं.

पोराने वर्ग सोडला. बाजारात हमाली धरली. सकाळी जायच्या आधी बापाला पुसून काढायचं, दुपारी धावत येऊन त्याची कूस बदलायची, संध्याकाळी पुन्हा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तो करायचा, एक शब्द न बोलता. फळीवरचा तुकडा त्याने काढून कुठेतरी टाकला. मी शोधला तेव्हा तो बुटांच्या मागे सापडला, त्याच रुमालात.

आता माझ्या डोळ्यांवर पट्टी किती दिवस होती ते ऐका. कठडा अंगणात पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवलेला. आजाऱ्याच्या चादरी रोज धुवाव्या लागतात आणि आमची दोरी अपुरी पडायची, म्हणून मी त्या कठड्यावरच वाळत घालत होते. पाऊण हिवाळा गेला तरी ओल्या चादरी टाकायच्या नि वाळल्या की काढायच्या, एवढंच माझ्या ध्यानात. एके दुपारी वाऱ्याने चादर खाली सरकली. ती ओढून घ्यायला मी वाकले आणि माझा हात एका सांध्यावर पडला. बारीक बारीक लाटा, एकीमागे एक.

मी चादर टाकून दिली. एकेका गजावरून बोट फिरवत गेले, खालून वर आणि वरून खाली. एकही सांधा सुटलेला नव्हता. एकाला तडासुद्धा नव्हता. एवढ्या उंचीवरून पडून कठडा अखंड होता. आणि त्याच्या लोखंडी पायांना भिंतीचे गोळे अजून चिकटलेले होते. मी त्यातला एक दाबला. तो माझ्या बोटांत पिठासारखा विरघळला, नुसती वाळू.

मग आठवलं. वरचं काम चाललं होतं तेव्हा भाऊ कामावरून उरलेल्या सिमेंटच्या गोण्या आणायचा, दमट होऊन खडे झालेल्या. मी म्हटलंही होतं, "अरे, हे चालतं का?" तर म्हणाला, "ताई, तू इस्त्री कर."

मूठभर वाळू घेऊन मी तशीच आत गेले आणि त्याच्या छातीवर टाकली.

त्याने ती बघितली. विचारलं नाही हे काय म्हणून. तिथेच मला कळलं.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"पडताना दिसलं," तो म्हणाला. "भिंतच आली बरोबर."

"आणि तू गप्प बसलास? पोटचं पोर रोज तुझं सगळं काढतंय, आतून मरतंय, आणि तू छताकडे बघतोस?"

त्याने तोंड फिरवलं. तेवढंच काय ते त्याला फिरवता येत होतं. "ताई, माझ्याकडे आता काय राहिलंय? कामावरची माणसं येतात, म्हणतात गवंड्यासारखा हात नाही कुणाचा. तेवढं ऐकून मी दिवस ढकलतो. तो तरणा आहे. त्याला पुढं सगळं आयुष्य पडलंय."

"कसलं आयुष्य? हमालीचं?"

"नको सांगूस त्याला. तुझ्या पाया पडतो."

"पड की," मी म्हणाले. हे बोलायला नको होतं, पण बोलले आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

संध्याकाळी पोराला अंगणात नेलं आणि सगळं दाखवलं. सांधे दाखवले, गोळे दाखवले. मला वाटलं तो रडेल किंवा बापावर धावून जाईल. तो शांतपणे म्हणाला, "आत्या, तू माझं मन राखतेयस. मास्तरांनीही राखलं होतं."

"काय बोलतोस?"

"मी पिशवी आणायला गेलो होतो वर्गात, बाबा पडल्यानंतर. मास्तर आत कुणाशीतरी बोलत होते. म्हणाले, त्या दिवशी पोरगं सोडून जायच्या बेतात होतं. ठोकला असता तर तुकडा तुटला असता, म्हणून मी ठोकलाच नाही, आणि तिथंच चुकलो." त्याने गजावरचा गंज नखाने खरवडला. "तो तुकडा खोटा होता. त्याच्यावर विसंबून मी हे केलं. आता तू म्हणतेस हे खरं. मी कशावर विश्वास ठेवू?"

मी दहा वेळा शपथ घेतली असती तरी ती आत्याची शपथ होती. त्याची समजूत काढण्यासाठी आम्ही सगळ्यांनी इतकं गोड बोलून ठेवलं होतं की खरं सांगायची पाळी आली तेव्हा आमच्या शब्दाला किंमत उरली नव्हती. मी बुटांमागून रुमाल काढला आणि त्याच्या हातात दिला. "चल."

वर्ग सुटायची वेळ होती. मुलं आपापले तुकडे घेऊन व्हाइसभोवती उभी होती. आम्हाला बघून मास्तरांचा चेहरा पडला. पोराने कुणाकडे बघितलं नाही. रुमाल सोडला, तुकडा जबड्यात लावला, दांडा फिरवून आवळला आणि मोठा हातोडा उचलून मास्तरांपुढे धरला.

"मारा," तो म्हणाला.

"अरे, आता कशाला..."

"मारा, मास्तर. सगळ्यांचा मारता तसा."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी हातोडा घेतला. पहिला घाव जपून घातला, ते पोराला कळलं आणि तो ओरडला, "नीट मारा!" त्या खोलीत त्याचा आवाज एवढा मोठा कुणी ऐकला नसेल. मास्तरांनी पाय रोवले आणि सगळ्या ताकदीने मारला. पट्टी वाकली. पुन्हा मारला. पट्टी आडवी झाली, दुसऱ्या पट्टीवर जाऊन टेकली. मास्तरांनी उलट्या बाजूने मारला, घाम पुसला, पुन्हा मारला. शेवटी व्हाइस सैल करून तुकडा उजेडात धरला आणि सांध्यावरून अंगठा फिरवला. सांधा जसाच्या तसा होता.

ते स्टुलावर बसले. "हं" म्हणायचंही विसरले.

"तेव्हाच का नाही मारलात?" पोराने विचारलं.

"मला वाटलं, तुटेल."

"मलाही मग तसंच वाटायला लागलं," तो म्हणाला.

मास्तर खाली मान घालून बसले होते. वाईट माणूस नाही तो. पोरावर दया केली आणि त्याच्या कामाकडे बघायचं राहून गेलं, एवढाच त्याचा गुन्हा. मग स्टुलावरून उठले आणि म्हणाले, "उद्यापासून ये." पोरगं म्हणालं, "दुपारी बाबांची कूस बदलावी लागते. सकाळची बॅच असेल तर सांगा." मग त्याने तो वाकडा तुकडा मास्तरांच्या हातातून घेतला आणि सगळ्यांचे जातात तसा पिंपात टाकला. मी म्हटलं, "अरे, घरी नेऊ." तो म्हणाला, "कशाला? बघितला ना."

घरी आलो तर भावाचा जुना मुकादम येऊन खाटेशेजारी बसला होता. भाऊ आमच्याकडे बघत होता. मी दुपारी पाय आपटत बाहेर पडले होते, तेव्हा आम्ही कुठून आलो आणि पोराला काय कळलंय हे त्याला सांगायची गरज नव्हती.

मुकादम पोराला म्हणाला, "ये बाबा. तुझ्या वडलांचंच सांगत होतो. असा गवंडी पुन्हा होणे नाही. याच्या भिंतीला मी कधी ओळंबा लावून बघितला नाही, एवढा भरवसा." मग आवाज खाली आणला, जणू फक्त पोरालाच ऐकू जाणार होतं. "त्या कठड्याचं काय झालं रे? सांधा सुटला म्हणतात."

मी तोंड उघडलं होतं. शप्पथ सांगते, सगळं जिभेवर आलं होतं. पोराने माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मी गप्प झाले.

"हो, काका," तो म्हणाला. ताठ उभा होता, हात कापत नव्हते. "माझं काम कच्चं होतं. भिंतीचा काही दोष नाही."

"होतं असं. शिकशील हळूहळू," मुकादम म्हणाला, चहा संपवला आणि गेला.

खोलीत आम्ही तिघंच उरलो. भाऊ बोलेल म्हणून मी वाट बघितली. एक वाक्य पुरलं असतं. बोलायला त्याचं तोंड शाबूत होतं. त्याने हाताने चादर ओढून तोंडावर घेतली आणि तिच्याआडून हुंदक्यांचा आवाज यायला लागला. मी त्याची सख्खी बहीण, पण मला त्याची दया आली नाही, अजूनही येत नाही.

पोरगं खाटेजवळ गेलं. एक हात बापाच्या खांद्याखाली घातला, दुसरा कंबरेखाली, आणि कोपराने तोंडावरची चादर बाजूला केली.

"चला बाबा," तो म्हणाला, "कूस बदलायची वेळ झाली."